पुण्यातले ५० गुण: एका डब्ल्यू२५ स्पर्धेचा हिशेब

डिसेंबर २०१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर आयटीएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, महिलांची स्पर्धा झाली. अंडी उत्पादकांच्या एनईसीसीच्या पाठबळावर वर्षानुवर्षं भरणारी ही स्पर्धा. एकूण बक्षीस २५,००० डॉलर, म्हणून तिचा दर्जा डब्ल्यू२५. एकेरीच्या अंतिम सामन्यात नाइक्था बेन्सला हरवून ब्रिटनच्या एमा राडुकानूनं विजेतेपद घेतलं. तिला नुकतीच सतरा वर्षं पूर्ण झाली होती. एरवी अशा स्पर्धेतल्या विजेतीचं नाव दुसऱ्या दिवशी क्रीडा पानाच्या कोपऱ्यात येतं आणि आठवड्याभरात विसरलं जातं. हेही गेलं असतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये हीच मुलगी न्यूयॉर्कला अमेरिकन ओपन जिंकली. पात्रता फेरीतले ३ आणि मुख्य फेरीतले ७, असे १० सामने, आणि एकही सेट गमावला नाही. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅमची एकेरी जिंकणारी व्यावसायिक युगातली ती पहिली खेळाडू, पुरुषांतही आणि महिलांतही. क्रमवारीत ती १५० वरून थेट २३ वर गेली. आणि तोपर्यंतचं तिचं सर्वांत मोठं एकेरी विजेतेपद कुठलं होतं? पुण्याचं. मधे दुसरा एकही करंडक नाही.

तेव्हापासून ही आठवण आपल्याकडे कौतुकानं सांगितली जाते आणि सांगणाऱ्याच्या आवाजात थोडं श्रेयही असतं. या लेखात त्या श्रेयाचा हिशेब मांडायचा आहे. पुण्यातल्या त्या आठवड्यानं राडुकानूला नेमकं काय दिलं, कुठवर पोचवलं, आणि तसाच आठवडा खेळणाऱ्या इतरांना तो काय देतो? माझं मत आधीच सांगतो. पुण्याचा वाटा खरा आहे, पण आपण समजतो त्यापेक्षा बराच लहान आहे. तो कुठे संपतो हे पाहिलं की आपल्या मुली दीडशे-दोनशेच्या आसपास का अडकतात, हे जास्त स्पष्ट होतं.

त्या आठवड्याची किंमत

२०१९ मध्ये महिलांच्या आयटीएफ स्पर्धांची उतरंड अशी होती: डब्ल्यू१५, डब्ल्यू२५, डब्ल्यू६०, डब्ल्यू८०, डब्ल्यू१००. त्यावर डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिला व्यावसायिक टेनिसच्या संघटनेच्या, १२५ दर्जाच्या स्पर्धा, मग आता २५० म्हणतात त्या दर्जापासून पुढे, आणि शिखरावर चार ग्रँड स्लॅम. म्हणजे पुण्याची स्पर्धा खालून दुसऱ्या पायरीवरची. मुख्य फेरीत ३२ जणी. त्यांतल्या ८ पात्रता फेरीतून, ४ वाइल्ड कार्डवर (क्रमवारी न पाहता आयोजकांनी दिलेल्या जागांवर), बाकीच्या मुख्यतः क्रमवारीनुसार. पाच सामने जिंकले की विजेतेपद.

विजेतीला क्रमवारीचे ५० गुण, उपविजेतीला ३०, उपांत्य फेरीत हरणारीला १८, उपउपांत्य फेरीत ९, दुसऱ्या फेरीत ५ आणि पहिल्याच सामन्यात गारद होणारीला १. पैशांत बोलायचं तर विजेतीला ३,९३५ डॉलर आणि उपविजेतीला २,१०७. तेव्हाच्या दरानं पहिलं बक्षीस पावणेतीन लाख रुपयांच्या वर जातं. परदेशी खेळाडूच्या बक्षिसावर भारतात साधारण २० टक्के कर कापला जातो, तो वजा करा. मग विमान, हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा, फिजिओ. प्रशिक्षक सोबत आला असेल तर हा खर्च दुप्पट. हे सगळं स्पर्धा जिंकणाऱ्या एकीचं. पहिल्या फेरीत हरणाऱ्या सोळाजणींच्या हाती काही शे डॉलर पडतात.

आयटीएफनं २०१३ च्या आकड्यांवरून स्वतःच एक पाहणी केली होती. महिला खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च ४०,१८० डॉलर निघाला, आणि तोही प्रशिक्षकाचं मानधन न धरता. खर्च आणि कमाईची तोंडमिळवणी होते ती क्रमवारीत २५३ व्या क्रमांकाच्या आसपास. पुरुषांत हा क्रमांक ३३६ निघाला. त्या वर्षी व्यावसायिक स्पर्धा खेळलेल्या सुमारे १४,००० जणांपैकी जवळपास निम्म्यांना बक्षिसाचा एक पैसाही मिळाला नव्हता. त्यामुळे डब्ल्यू२५ च्या ड्रॉकडे, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्या तक्त्याकडे, पाहताना लक्षात ठेवायचं ते हे, की त्यातल्या बहुतेकजणी घरच्या, संघटनेच्या किंवा प्रायोजकाच्या पैशांनी खेळत असतात. पैसे कमवायला इथे कोणी येत नाही. गुण कमवायला येतात.

आणि गुण सगळीकडे सारखेच. पुण्यात जिंका, पोर्तुगालमध्ये जिंका की अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावात जिंका, डब्ल्यू२५ ला ५०. ड्रॉ मात्र सारखा नसतो. म्हणून या पातळीवरच्या खेळाडू आणि त्यांचे पालक प्रवेशयाद्या शेअर बाजाराच्या तक्त्यासारख्या वाचतात. एकाच आठवड्यासाठी अनेक ठिकाणी नाव नोंदवता येतं. कुठे कोण आहे, क्रमवारीची कट कुठवर खाली येते, कुठे थेट मुख्य फेरी मिळेल आणि कुठे पात्रता फेरी खेळावी लागेल, हे पाहून शेवटी एक जागा पक्की होते. युरोपातून भारतात यायचं तर प्रवास लांबचा आणि महाग, हवामान वेगळं, पोटाची काळजी वेगळी. त्यामुळे आपल्याकडच्या स्पर्धांत प्रवेशाची रेषा पुष्कळदा खाली येते. इतक्या लांब यायची ज्यांची तयारी असते, त्यांना त्याचा फायदा होतो.

राडुकानूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. अल्पवयीन मुलींनी अति खेळून जळून जाऊ नये म्हणून डब्ल्यूटीएनं वयाचं बंधन घातलेलं आहे. सोळाव्या वर्षी वर्षाला १२ व्यावसायिक स्पर्धा, सतराव्या वर्षी १६, अठरा पूर्ण झाल्यावर मोकळीक. वर्ष मोजायचं ते वाढदिवसापासून वाढदिवसापर्यंत. तिचा वाढदिवस १३ नोव्हेंबरचा. म्हणजे डिसेंबरात पुण्याला आली तेव्हा सोळा स्पर्धांचा नवा कोटा नुकताच उघडला होता. त्यात शाळा होती. गणित आणि अर्थशास्त्र घेऊन ती बारावीच्या तोडीची ए-लेव्हल करत होती. मोजक्याच स्पर्धा खेळता येणार असतील तर एकेक निवडून खेळावी लागते, आणि त्यातली एक थेट विजेतेपदात बदलली.

कोर्टवर

या पातळीचं टेनिस ज्यांनी फक्त टीव्हीवरच्या टेनिसशी तुलना करत पाहिलंय, त्यांची हमखास फसगत होते. चेंडूचा वेग, फटक्यांची तयारी, पायांची चपळाई यांत तीनशेवी आणि साठावी यांच्यातला फरक नवख्या डोळ्याला दिसतच नाही. फरक दिसतो ३०-४० वर, दुसऱ्या सर्व्हिसला. वरची खेळाडू तिथेही सर्व्हिस खोलवर आणि फिरकीसह टाकते. खालची हात आखडते, चेंडू सर्व्हिस बॉक्सच्या मध्यात पडतो, समोरचीनं एक पाऊल आत टाकलेलंच असतं आणि गेम तिथेच जातो. असं एका सेटमध्ये दोनदा झालं की सेट गेला.

आणि तिथे मदतीला कोणी नसतं. २०१९ मध्ये डब्ल्यूटीएच्या स्पर्धांत प्रशिक्षकाला सेटमध्ये एकदा कोर्टवर बोलावता यायचं. आयटीएफच्या स्पर्धांत ती सोय नव्हती. हॉकआय, म्हणजे चेंडू नेमका कुठे पडला हे दाखवणारी कॅमेऱ्यांची यंत्रणा, नाही. हार्ड कोर्टवर मातीसारखी खूणही उरत नाही, त्यामुळे चेंडू आत होता की बाहेर यावर वाद घालून काही हाती लागत नाही. पंचांचा शब्द शेवटचा. खुर्च्या बहुतांश रिकाम्या. सतरा वर्षांच्या मुलीनं हे सगळं एकटीनं निभावायचं, आणि आठवड्यात पाच वेळा निभावायचं. डब्ल्यू२५ चं खरं शिक्षण हेच, असं मला वाटतं. अमेरिकन ओपनमध्ये दहा सामन्यांत तिचं डोकं जागेवरून हललं नाही, याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. तसं पाहिलं तर पात्रता फेरीतले पहिले तीन सामने याच प्रकारचे होते: बाजूची कोर्टं, थोडे प्रेक्षक, प्रतिस्पर्धी जगाला फारशा माहीत नसलेल्या.

(खुर्च्या रिकाम्या असल्या तरी हे सामने कोणी पाहत नाही असं समजू नका. २०१२ पासून आयटीएफ या छोट्या स्पर्धांच्या थेट गुणफलकाची माहिती विकत आली आहे, आणि त्यावर जगभर सट्टा लागतो. २०१८ मध्ये टेनिसमधल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीनं याच खालच्या पायऱ्यांवर बोट ठेवलं होतं. जिथे जिंकून पोट भरत नाही तिथे हरण्याचे पैसे देणारा सापडतो, ही साधी गोष्ट आहे.)

५० गुणांचं पुढे काय झालं

सामान्यपणे गुण ५२ आठवडे टिकतात. डिसेंबर २०१९ चे गुण डिसेंबर २०२० मध्ये गळून पडायला हवे होते. पण मार्च २०२० मध्ये कोविडमुळे टेनिस थांबलं, क्रमवारी गोठवली गेली आणि नंतर जुने गुण जास्त काळ धरण्याची तात्पुरती पद्धत आली. राडुकानूनं त्या काळात फार थोडं खेळलं. डब्ल्यूटीएच्या मुख्य फेरीतला तिचा पहिला सामना थेट जून २०२१ मध्ये, नॉटिंगहॅमला, आणि तोही ती हॅरिएट डार्टकडून हरली. त्याच महिन्यात विम्बल्डन सुरू झालं तेव्हा तिचा क्रमांक होता ३३८.

तिची तोपर्यंतची इतर आयटीएफ एकेरी विजेतेपदं १५,००० डॉलरच्या पातळीची होती, आणि तीही २०१८ मधली. त्यामुळे तो ३३८ क्रमांक उभा होता त्यात पुण्याच्या ५० गुणांचा वाटा मोठा असणार, हे उघड आहे. अठरा महिने ज्या मुलीनं जवळपास खेळलंच नाही, तिचं नाव यादीत चारशेच्या आत टिकून राहिलं. पुण्याचं श्रेय इथवर येतं, आणि इथेच संपतं.

कारण ३३८ क्रमांकावर विम्बल्डन मिळत नाही. मुख्य फेरीत १२८ जागा. त्यांत १०४ क्रमवारीवर, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्ड. एवढ्या खालच्या क्रमांकावर पात्रता फेरीतसुद्धा स्वतःच्या बळावर शिरता येत नाही. राडुकानूला वाइल्ड कार्ड मिळालं, कारण ती ब्रिटिश होती, ज्युनियर गटात चमकलेली होती आणि तिच्या देशात ग्रँड स्लॅम भरतं. तिनं त्या संधीचं सोनं केलं हे निर्विवाद. डियाचेंको, वोंद्रुशोव्हा आणि सर्स्टिया यांना हरवून ती चौथ्या फेरीत गेली, आणि तिथे टॉमल्यानोविचविरुद्ध श्वासाच्या त्रासामुळे सामना सोडावा लागला. पण दार तिच्यासाठी आतून उघडलं गेलं होतं.

आता आकडे शेजारी ठेवून पाहा. विम्बल्डनच्या चौथ्या फेरीचे २४० गुण आणि १,८१,००० पौंड. म्हणजे गुणांत पुण्याची जेमतेम पाच विजेतेपदं, पैशांत साठाच्या वर. या २४० गुणांवर ती ३३८ वरून १७९ वर आली. मग ऑगस्टमध्ये शिकागोच्या १२५ दर्जाच्या स्पर्धेत उपविजेती, क्लारा टाउसनकडून अंतिम सामन्यात हार, ९५ गुण. त्यातून १५०. त्या क्रमांकावर अमेरिकन ओपनची पात्रता फेरी, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे: २५ लाख डॉलर. हे पुण्याच्या बक्षिसाच्या ६३५ पट होतात. विजेतेपदाचे २,००० गुण मात्र पुण्याच्या फक्त ४० पट.

या दोन गुणोत्तरांतली दरी मला सगळ्यात बोलकी वाटते. त्याच अमेरिकन ओपनमध्ये मुख्य फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरणाऱ्या खेळाडूला ७५,००० डॉलर आणि १० गुण मिळाले. गुणांच्या तराजूत पुण्याची विजेती तिच्यापेक्षा पाचपट जड. पैशांच्या तराजूत तिला पुणे एकोणीस वेळा जिंकावं लागेल, आणि एकोणीस वेळा पुणे जिंकणारी कोणी नसते. वर्षभर सोबत फिरणारा प्रशिक्षक, फिजिओ आणि दुखापत झाली तर दोन महिने विश्रांती हे सगळं या ७५,००० मधून येतं. पुण्यातून ते येत नाही.

दहा क्रमांकांचं अंतर

अमेरिकन ओपन सुरू झालं तेव्हा राडुकानूचा क्रमांक १५०. अंकिता रैनाचा एकेरीतला सर्वोत्तम क्रमांक १६०. अंतर दहाचं.

अंकिता अहमदाबादची, पण टेनिस घडलं ते पुण्यात. तिनं डब्ल्यू२५ आणि त्याच्या आसपासच्या स्पर्धांत वर्षानुवर्षं गुण वेचले, अनेक आयटीएफ विजेतेपदं मिळवली, आणि मार्च २०२० मध्ये, २७ व्या वर्षी, १६० वर पोचली. त्याच महिन्यात टेनिस थांबलं. ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेऱ्या ती पुन्हा पुन्हा खेळली. एकेरीची मुख्य फेरी मिळाली नाही. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मुख्य फेरी गाठली ती दुहेरीत.

दोघींच्या गुणवत्तेची तुलना मला करायची नाही. राडुकानू त्या पंधरवड्यात जे खेळली ते कुणालाही नियोजनानं साधणारं नव्हतं. पण १५० आणि १६० यांच्यामागचे रस्ते पाहा. एक क्रमांक प्रामुख्यानं दोन मोठ्या आठवड्यांतून आला, दुसरा पाच, नऊ, अठरा, तीस, पन्नास असे गुण शेकडो सामन्यांतून साठवत. साठवलेले गुण बावन्न आठवड्यांनी गळतात, म्हणजे पुढच्या वर्षी तेच पुन्हा जिंकायचं, फक्त तिथेच राहण्यासाठी. वाइल्ड कार्ड आपल्या खेळाडूंना कधीच मिळत नाही असं नाही. २००५ मध्ये सानिया मिर्झाला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ते मिळालं आणि ती तिसऱ्या फेरीपर्यंत, थेट सेरेना विल्यम्सपर्यंत गेली. पण ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्याकडे दरवर्षी स्वतःच्या मुलींसाठी हक्काच्या जागा असतात. भारतासाठी ती एखादी मेहेरबानी असते.

अंतिम सामन्यात हरलेल्या नाइक्था बेन्सचं नाव सहसा कोणी घेत नाही, म्हणून तिचंही सांगतो. तिनं हळूहळू दुहेरीकडे मोर्चा वळवला आणि २०२३ च्या विम्बल्डनमध्ये माया लम्सडेनसोबत महिला दुहेरीची उपउपांत्य फेरी गाठली. डेक्कनच्या त्या अंतिम सामन्यातल्या दोघींपैकी आर्थिकदृष्ट्या टिकाऊ, कोणालाही अनुकरण करता येईल असा मार्ग मला बेन्सचा वाटतो. आपल्याकडे अंकितानं आणि ऋतुजा भोसलेनं दुहेरीत जे मिळवलं, त्यात ऋतुजाचं २०२३ च्या आशियाई स्पर्धेतलं रोहन बोपण्णासोबतचं मिश्र दुहेरीचं सुवर्ण आलंच, तेही याच दिशेनं जाणारं आहे.

मग आपल्याकडे अशी स्पर्धा कशासाठी?

घरच्या मुलींचा विमानखर्च वाचतो, हे पहिलं आणि सर्वांत मोठं कारण. चार वाइल्ड कार्डं आपल्या हातात असतात, हे दुसरं. ग्रँड स्लॅमच्या आठ जागा आपल्याकडे नाहीत, पण या चार आहेत, आणि त्या कोणाला द्यायच्या याचा विचार ब्रिटिश संघटना जितक्या थंड डोक्यानं करते तितका आपणही करायला हवा. ज्या मुलीला एक फेरी जिंकून पाच गुण मिळण्याची खरी शक्यता आहे तिला द्यायचं, की स्थानिक नाव आहे म्हणून ०-६, १-६ हरायला पाठवायचं? सलग तीन-चार आठवडे जवळजवळच्या शहरांत स्पर्धा ठेवल्या तर परदेशी खेळाडूही येतात आणि आपल्या मुलींना एकाच खर्चात तीन-चार संधी मिळतात. एकटी पडलेली स्पर्धा दोघींनाही परवडत नाही.

२०१९ या वर्षानं याचा एक धडाही दिला होता. जानेवारीत आयटीएफनं नवी रचना आणली आणि डब्ल्यू१५ स्पर्धांना डब्ल्यूटीए गुण देणं बंद केलं. व्यावसायिकांची संख्या कमी करायची होती. खेळाडूंनी एवढी ओरड केली की ऑगस्टमध्ये ते गुण परत आणावे लागले. खालची पायरी काढली की वरच्यांचं काही बिघडत नाही. श्रीमंत देशातली मुलगी संघटनेच्या बोटाला धरून वर जाते. बाकीच्यांना मात्र पायरीच लागते.

२०२४ पासून दर्जांची नावं बदलली आहेत. डब्ल्यू२५ ची जागा डब्ल्यू३५ नं घेतली, आणि नावातला आकडा म्हणजेच विजेतीचे गुण. पूर्वी ज्या पातळीला ५० गुण मिळायचे तिथे आता ३५. पन्नास हवे असतील तर डब्ल्यू५० भरवावी लागते, म्हणजे २०२४ च्या आकड्यांनुसार २५,००० ऐवजी ४०,००० डॉलर उभे करावे लागत होते. स्पर्धेचे यजमान प्रायोजकाकडे जातील तेव्हा या पंधरा गुणांचा हिशेब त्यांनी टेबलावर ठेवावा. राडुकानूचा फोटो दुसऱ्या पानावर लावला तरी चालेल.